गोव्यात गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावं? आधी नंबर प्लेटचा रंग बघा!

गोव्याला जायचं ठरलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला वाद हॉटेलवरून होतो आणि दुसरा गाडीवरून. एक जण म्हणतो, ‘सरळ गाडी भाड्याने घेऊ, मोकळे राहू.’ दुसरा म्हणतो, ‘कशाला खर्च? कदंबच्या बस आहेत की.’ तिसरा कुणाचा तरी नंबर पाठवतो. ‘माझ्या ओळखीचा आहे, स्वस्तात देतो.’

हा तिसरा मेसेज सगळ्यात जास्त महागात पडू शकतो.

गाडी की बस, हा प्रश्न वरवर पैशांचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात पैसा, वेळ आणि जबाबदारी अशा तीन गोष्टी आहेत. पहिल्या दोन गोष्टींचा हिशोब सगळे करतात. तिसऱ्या गोष्टीचा विचार अपघात झाल्यावर सुरू होतो. म्हणून हे तिन्ही हिशोब एकदा नीट समजून घेऊ.

गोव्यातच हा प्रश्न का पडतो?

मुंबईत पाहुणा आला की त्याला कुणी ‘गाडी भाड्याने घे’ असं सांगत नाही. लोकल आहे, बेस्टची बस आहे, मीटरची रिक्षा-टॅक्सी आहे आणि आता मेट्रो ३ विमानतळापासून थेट कफ परेडपर्यंत जाते. तिथे स्वतःची गाडी म्हणजे पार्किंग शोधण्याची डोकेदुखी.

गोव्याचं तसं नाही. राज्य छोटं आहे, क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. पण बघण्याची ठिकाणं एका शहरात नाहीत, किनाऱ्याच्या लांबीवर पसरलेली आहेत. पणजी मध्ये, म्हापसा आणि कळंगुट उत्तरेला, मडगाव आणि पाळोळे दक्षिणेला. मीटरवर चालणारी रिक्षा रस्त्यात हात दाखवून मिळेल, अशी सवय इथे उपयोगाची नाही. ओला-उबरची सवयही कामाची नाही. ‘गोवा माइल्स’ हे ॲप २०१८ पासून आहे, पण टॅक्सीचं भाडं मुंबई-पुण्याच्या मानाने बरंच जास्त वाटतं.

त्यात विमानतळ दोन. दक्षिणेकडचा जुना दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा, जिथून जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून मोपाचं काढलं आणि हॉटेल पाळोळ्याला असेल, तर गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागतं. रेल्वेचंही तसंच. उत्तर गोव्यासाठी थिवी, पणजीसाठी करमळी आणि दक्षिणेसाठी मडगाव. स्टेशन चुकलं की बसने वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

म्हणून गाडीचा विचार करण्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. उतरणार कुठे आणि राहणार कुठे.

बसने नेमकं काय काय बघून होतं?

बऱ्याच लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त.

गोव्यात ‘कदंब’ हे सरकारी महामंडळ १९८० पासून बस चालवतं. त्याच्या जोडीला खासगी बसही आहेत. पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को या मार्गांवर कदंबची शटल सेवा आहे. शटल म्हणजे मध्ये न थांबणारी बस. हिचं तिकीट बसमध्ये नाही, चढण्याआधी स्टँडवरच्या खिडकीवर काढायचं असतं. नवखा माणूस थेट बसच्या दारात जाऊन उभा राहतो आणि परत रांगेत पाठवला जातो. मोपा विमानतळावरूनही कदंबच्या बस सुटतात.

आता मार्ग बघा. पणजी-फोंडा या एका रस्त्यावर आधी जुनं गोवं लागतं. तिथलं बॉम जेझू चर्च बघायचं. पुढे त्याच रस्त्याने मंगेशी, मग म्हार्दोळची म्हाळसा आणि शेवटी फोंडा. फोंड्याजवळ कवळ्याची शांतादुर्गा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत याच पट्ट्यात आहे. कुलदैवताला जाऊन येणाऱ्या कुटुंबाला गाडीची गरज वाटते, पण हा संपूर्ण दिवस बसने होऊ शकतो.

पणजीतलं फोंतेन्हास पायीच बघायचं असतं. त्या गल्ल्यांत गाडी घालणं हीच अडचण. उत्तरेला जायचं तर पणजीहून म्हापसा आणि म्हापशाहून कळंगुट, बागा, हणजूण. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, तेव्हा तिथे गाडी लावायला जागा मिळणं कठीण, बसवाला मात्र अगदी जवळ सोडतो. दक्षिणेला मडगाव गाठलं की कोलवा, बाणावली आणि काणकोणकडच्या बस मिळतात. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जायला फेरीबोट आहे, पायी जाणाऱ्याला तिथे भाडं लागत नाही.

एकट्या माणसासाठी अजून एक सोय आहे, ‘पायलट’. म्हणजे परवानाधारक मोटारसायकल टॅक्सी. पुढचं मडगार्ड पिवळं असतं, त्यावरून ओळखता येते. बसण्याआधी भाडं ठरवायचं, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि बस कुठे कमी पडते?

संध्याकाळनंतर. गावांकडे जाणाऱ्या बस अंधार पडल्यावर कमी होत जातात. शेवटची बस किती वाजता, हे दुपारी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवायला हवं. सूर्यास्त बघून आरामात निघू, असं म्हणणाऱ्याला बऱ्याचदा टॅक्सीच शोधावी लागते.

दुसरं, आडवाटेची ठिकाणं. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर, काब द राम किल्ला, एकामागोमाग एक छोटे किनारे. इथे बस आहेत किंवा जवळपास जातात, पण दोन बसमधला वेळ अर्धा दिवस खाऊन टाकतो. तिसरं, सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा किंवा तान्हं मूल असेल, तर गर्दीच्या बसमध्ये उभं राहण्याचा हिशोब रुपयांत करता येत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. दूधसागरसाठी गाडी घेऊ, असं अनेक जण म्हणतात. तुमची गाडी धबधब्यापर्यंत जातच नाही. कुळेपर्यंतच जाता येतं, पुढे तिथल्या जीपनेच जावं लागतं आणि ही जीपसेवा पावसाळ्यात बंद असते.

पैशांचं गणित कसं मांडायचं?

भाडं हंगामानुसार बदलतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला दर आणि जुलैतला दर यांची तुलनाच होत नाही. म्हणून इथे एक नमुना हिशोब घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, त्या जागी स्वतःला मिळालेले दर घालून बघायचे.

समजा, छोटी गाडी दिवसाला १,८०० रुपयांना मिळाली. तीन दिवसांचे ५,४००. तीन दिवसांत २५० किलोमीटर फिरणं झालं, गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तर साधारण १,७००. पार्किंगचे ३००. एकूण ७,४०० रुपये.

आता बसचा हिशोब. माणशी दिवसाला १५० रुपये बसचे धरले आणि तीन दिवसांत दोनदा टॅक्सी करावी लागली, प्रत्येकी १,५०० रुपये, तर

- एकट्या माणसाला ३,४५० रुपये
- दोघांना ३,९०० रुपये
- चौघांना ४,८०० रुपये

गाडीचे ७,४०० माणसं कितीही असली तरी तेवढेच. म्हणजे एकट्याला गाडी दुपटीहून महाग पडते. चौघांना माणशी फरक ६५० रुपयांचा. चार जणांचं कुटुंब एवढे पैसे सोयीसाठी आनंदाने देईल. पण चौथी टॅक्सी करावी लागली की बसवाल्या कुटुंबाचा खर्च ७,८०० होतो आणि गाडीच स्वस्त ठरते. म्हणजे निकाल बसच्या तिकिटावर लागत नाही, टॅक्सी किती वेळा लागेल यावर लागतो.

या हिशोबात न दिसणाऱ्या तीन गोष्टी. भाड्याचा ‘दिवस’ बहुतेक ठिकाणी २४ तासांचा असतो. सकाळी दहाला घेतलेली गाडी चौथ्या दिवशी दुपारी परत केली तर जादा पैसे लागतात. विमानतळावर गाडी आणून देण्याचे आणि तिथून नेण्याचे पैसे वेगळे असू शकतात. आणि तुम्ही किनाऱ्यावर पाच तास बसलात तरी भाडं चालूच असतं.

आता खरा मुद्दा. नंबर प्लेट का बघायची?

भारतात गाडीच्या प्लेटचा रंग तिचा वापर सांगतो.

- पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं: खासगी गाडी, मालकाच्या वापरासाठी
- पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं: टॅक्सी, चालकासह भाड्याने
- काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं: स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची गाडी

मोटार वाहन कायद्याखाली भाड्याच्या गाड्यांसाठी १९८९ ची आणि भाड्याच्या दुचाकींसाठी १९९७ ची केंद्राची योजना आहे. त्याखाली परवाना असलेल्या गाडीला काळी-पिवळी प्लेट मिळते. हाच नियम स्कूटरलाही लागू आहे. पेट्रोल-डिझेलची पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे घेऊन भाड्याने देणं बेकायदा आहे. मित्राने त्याची गाडी फुकट वापरायला दिली, तर त्यात गैर काही नाही. पैसे दिले-घेतले की चित्र बदलतं.

तरीही पांढऱ्या प्लेटच्या गाड्या भाड्याने मिळतात, कारण त्या स्वस्त असतात. मालकाला परवान्याचा आणि व्यावसायिक विम्याचा खर्च नसतो. ग्रुपवरचा ‘ओळखीचा माणूस’ बऱ्याचदा यातलाच असतो. गाडी देताना तो म्हणतो, ‘पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणून सांगा.’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायला हवं.

पकडलं गेलं तर काय होतं?

विनापरवाना वापरासाठी कायद्याच्या कलम १९२-अ मध्ये पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलमात नुसता मालक नाही, गाडी चालवणाऱ्याचाही उल्लेख आहे. शिवाय परवाना नसलेली गाडी पोलीस जप्त करू शकतात. म्हणजे सामान आणि आई-वडील रस्त्याच्या कडेला, गाडी पोलीस ठाण्यात आणि डिपॉझिट मालकाच्या खिशात.

पण दंड हा यातला लहान भाग आहे.

अपघात झाला तर?

खासगी गाडीच्या विम्यात एक साधी अट असते. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरायची नाही. ही अट मोडली की पुढच्या प्रत्येक पायरीवर अडचण येते.

पहिली पायरी, गाडीचं नुकसान. विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग दुरुस्तीचं बिल मालक पर्यटकाकडूनच मागणार. तिथे ना लेखी करार असतो, ना पावती.

दुसरी पायरी, रस्त्यावरचा दुसरा कुणी जखमी झाला किंवा दगावला तर. नुकसानभरपाईची जबाबदारी गाडी चालवणारा आणि मालक या दोघांवर येते. एरवी ती विमा कंपनी उचलते. विनापरवाना भाड्याचा वापर हे जबाबदारी नाकारण्याचं कारण म्हणून कंपनी मांडू शकते. अशा अटी मोडलेल्या अनेक प्रकरणांत न्यायालयं ‘कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि नंतर वसूल करावेत’ असा आदेश देतात. पीडिताला पैसे मिळतात ही चांगली गोष्ट. पण वसुलीचं संकट टळत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम लाखांत जाते.

तिसरी पायरी, गाडी चालवणाऱ्यालाच काही झालं तर. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. विम्यात ‘मालक-चालक’ यासाठी १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं, ते नोंदणीकृत मालकाला. भाड्याने घेणारा मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात मागून घेतलेल्या मोटारसायकलबद्दल म्हटलं होतं की, गाडी वापरणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे त्याच्या कुटुंबाला त्या कलमाखाली भरपाई मागता येत नाही. म्हणून गाडी काळ्या प्लेटची घेतली तरी स्वतःचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा असणं शहाणपणाचं.

दिवसाला तीन-चारशे रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम घ्यायची का, हा खरा प्रश्न आहे.

‘रात्री फिरायला गाडी हवी’ हे कारण किती खरं?

गाडी घेण्याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे रात्रीचं फिरणं. बस नसते, हे खरं. पण गोव्यातल्या रात्रीच्या फिरण्यात बहुतेकदा पिणंही असतं. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे ज्या वेळेसाठी गाडी घेतली, नेमकी त्याच वेळी ती चालवता येत नाही. ग्रुपमध्ये न पिणारा आणि गाडी येणारा एक जण पक्का नसेल, तर रात्रीसाठी टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवायचे.

आणखी दोन गोष्टी. वाळूवर, म्हणजे थेट किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. रीलसाठी गाडी पाण्यापर्यंत नेली की गुन्हाही दाखल होतो आणि चाकंही रुततात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं, तर साध्या विम्यात हे नुकसान येत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

गाडी घ्यायचीच ठरली, तर काय तपासायचं?

१. प्लेट काळी, अक्षरं पिवळी. फोटो आधीच मागवायचा. ‘आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधायचा.

२. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून विमा आणि फिटनेसची मुदत बघायची. गाडीत आरसी, परवाना, विमा आणि पीयूसी असल्याची खात्री करायची.

३. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, काच, आतल्या सीट आणि किलोमीटर, पेट्रोलचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढून तिथेच मालकाला पाठवायचा. जुन्या ओरखड्यावरून होणारं भांडण यानेच मिटतं. परत करतानाही हेच करायचं.

४. मूळ लायसन्स गहाण ठेवायचं नाही. गाडी चालवताना ते तुमच्याजवळ लागतं, किमान डिजिलॉकरमध्ये. आधार मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्यायची.

५. डिपॉझिट किती, कधी परत मिळणार, दंडाची ई-पावती नंतर आली तर कोण भरणार, हे मेसेजवर लिहून घ्यायचं. तोंडी बोलणं नंतर आठवत नाही, दोघांनाही.

६. करारात ज्याचं नाव, त्यानेच गाडी चालवायची. दुसरा चालवणार असेल तर त्याचंही नाव घालून घ्यायचं.

मग शेवटी काय करावं?

एकटे किंवा दोघं असाल, पणजी किंवा मडगावसारख्या बसच्या ठिकाणी राहणार असाल आणि सकाळी लवकर निघायची तयारी असेल, तर बस पुरेशी आहे. गरज पडेल तेव्हा पायलट किंवा टॅक्सी.

चार-पाच जण, सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं आणि दिवसाला तीन-चार लांबची ठिकाणं असतील, तर काळ्या प्लेटची गाडी घ्या. गाडी चालवायला कुणी तयार नसेल तर पिवळ्या प्लेटची, चालकासह.

आणि बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारा मधला मार्गही आहे. तीन दिवस गाडी घ्यायचीच असं काही नाही. जुनं गोवं, मंगेशी, पणजी, म्हापसा हे दोन दिवस बसने आणि आडवाटेची ठिकाणं एकाच दिवशी गाडीने. वरच्या हिशोबात तीन दिवसांचे ५,४०० होते, ते १,८०० वर येतात.

फक्त त्या एका दिवसासाठीही पांढऱ्या प्लेटची गाडी नको. ग्रुपवर ‘स्वस्तात देतो’ असा नंबर पुन्हा आला, तर भाडं विचारण्याआधी प्लेटचा फोटो मागा.